रॅकवरची क्षारपड

सांगलीच्या विश्रामबागेतला तळमजल्यावरचा फ्लॅट. समोर दुसरी इमारत, त्यामुळे बाल्कनीत ऊन येतं ते सकाळचं तासभर. गच्ची सोसायटीची. तिथं कुंड्या चालतात, पण कोवळी रोपं ठेवली की माकडं एका दुपारीत ट्रे उपसून टाकतात. शिवाय मिरची-टोमॅटोच्या लहान रोपांवर उघड्यावर पांढरी माशी आणि फुलकिडे बसले की बोकड्या, म्हणजे पानं आकसून वळण्याचा रोग, ठरलेला. म्हणून रोपं घरात दिव्याखाली वाढवायची आणि जरा अंगात आली की गच्चीवरच्या कुंड्यांत लावायची, असा बेत. सांगलीत ऊन काय विकत घ्यायचंय का, असं विचारणारे विचारतीलच, म्हणून आधीच सांगितलं. बेतात काही चूक नव्हती.

घर माझ्या शाळेतल्या सरांचं. सर निवृत्त, आणि बागेचा नाद खरा काकूंना. मी मिरज तालुक्यात भाजीपाल्याची रोपवाटिका चालवतो हे त्यांना माहीत, म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला सरांचा फोन आला. "अरे, तुझी काकू रोज त्या रोपांपुढं उभी राहून उसासे टाकतीया. जरा येऊन बघ की."

मांडणी नीटनेटकी होती. दोन फळ्यांचा लोखंडी रॅक, प्रत्येक फळीवर चार-चार पांढऱ्या एलईडी ट्यूब, एकेक वीस वॅटची, रोपांपासून वीतभर उंचीवर. टायमरवर सोळा तास उजेड. ९८ खाचांचे प्रोट्रे, त्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि प्रत्येक प्रोट्रेखाली पाणी साठायला एक सपाट प्लास्टिकचं ताट. खोलीत फरशी ओली होऊ नये म्हणून पाणी वरून न घालता त्या ताटात ओतायचं, कोकोपीट खालून शोषून घेईल, अशी सोय. हवा खेळावी म्हणून पंखा मंद चालू. वरच्या फळीवर ढोबळी मिरचीचा एक ट्रे. खालच्या फळीवर ढोबळीचाच आणखी एक, आणि शेजारी अर्धा टोमॅटो, अर्धा बीट असा तिसरा.

उगवण उत्तम झाली होती, पण नंतर रोपं जागच्या जागी थांबली. पाचव्या आठवड्यात ढोबळीचं रोप चार खऱ्या पानांचं, आठ-दहा सेंटिमीटर उंच असायला हवं. इथं ते तीन सेंटिमीटरवर दोन पानं धरून बसलेलं. टोमॅटो त्या मानाने बरा, तरी निम्माच. बीट मात्र झकास.

मी पोचायच्या आधी घरात बरेच उपाय होऊन गेले होते. दिवे जवळ पडले असतील म्हणून फूटभर वर घेतले, आठवड्याने फरक नाही म्हणून परत खाली. सोळा तास जास्त होत असतील म्हणून बारा केले, मग पुन्हा सोळा. मुलाने पुण्याहून एक गुलाबी-जांभळा 'ग्रो लाइट' मागवून पाठवला. तो चार दिवस लावला आणि काकूंना त्या उजेडात डोकं दुखायला लागलं म्हणून काढला. शेवटी कृषी सेवा केंद्रातून एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत आणून लिटरला चमचाभर घातलं. त्यानंतर ढोबळीच्या पानांच्या कडा करपल्या.

त्या गुलाबी दिव्याबद्दल जाता जाता. त्याखाली रोपं वाढत नाहीत असं नाही, वाढतात. पण त्या उजेडात पान पिवळं पडलंय, निळसर झालंय की करपलंय हे माणसाच्या डोळ्याला कळत नाही. घरगुती कामाला पांढरी ट्यूब पुरते, आणि तिच्याखाली रोप काय सांगतंय ते तरी दिसतं.

सगळा संशय दिव्यावर होता, कारण घरात नवीन वस्तू तीच होती आणि पैसेही तिलाच पडले होते. म्हणून आधी दिव्याचाच निकाल लावला. सरांच्या मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेडाची तीव्रता, मोजणारं अ‍ॅप घेतलं आणि फोन पानांच्या उंचीवर, स्क्रीन वरच्या बाजूला करून धरला. मधोमध दहा हजार लक्सच्या आसपास, कडेला सात-साडेसात हजार. फोनचं मोजमाप काटेकोर नसतं, पण इथं अंदाजच हवा होता. पांढऱ्या एलईडीच्या लक्सला सत्तरने भागलं की रोपाच्या कामाचा उजेड साधारण कळतो: म्हणजे मधोमध एका चौरस मीटरवर सेकंदाला १४०-१४५ मायक्रोमोल. मोल हे इथं प्रकाशकण मोजायचं एकक, आणि दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल. सोळा तासांचा हिशेब केला तर दिवसाला आठ मोलच्या जरा वर. भाजीपाल्याच्या रोपांना दिवसाला दहा-बारा मोल मिळाले तर छान, आठवर ती थोडी सावकाश पण धडधाकट वाढतात. बाहेर आपल्याकडच्या निरभ्र दिवशी याच्या चार-पाच पट उजेड पडतो आणि भर दुपारी लक्स लाखाच्या घरात जातात. त्यामुळे दिव्याने रोपं भाजली हे पटण्यासारखं नव्हतं. आणि उजेड कमी पडला असता तर रोपं खुजी राहिली नसती, उलट उजेडाच्या शोधात बारीक, लांबुडकी होऊन आडवी पडली असती.

दुसरी खूण ट्रेमध्येच होती. उजेड जास्त झाला तर मार मधोमध बसतो, कडेची रोपं वाचतात. पानं फिकी, पांढरट होतात आणि कडा वरच्या बाजूला वाटीसारख्या वळतात. इथं मध आणि कड सारखीच खुरटलेली, आणि पानं फिकी नव्हती. उलट गरजेपेक्षा गडद, निळसर झाक असलेली हिरवी होती. लहान, जाड, गडद पान आणि टोकाला तपकिरी, सुकलेली कड. पानामागे जांभळेपणा असता तर थंडी किंवा स्फुरदाची कमतरता म्हटलं असतं, तोही नव्हता. भिंगाने पानांची मागची बाजू आणि शेंडे बघितले, किडा एकही नाही. बोकड्या गेला.

काकू म्हणाल्या, "दुपारी जरा मान टाकतात ओ. आणि हात लावून बघितलं तर खाली ओलंच असतं." बुडाला पाणी असूनही रोप सुकतंय म्हटल्यावर माझं लक्ष दिव्यावरून उठलं. असं दोन कारणांनी होतं: मुळं कुजली तर, किंवा मुळाभोवतीचं पाणी इतकं खारट असेल की मूळ ते ओढू शकत नसेल तर.

एक रोप खाचेतून अलगद उपसलं. मुळांना वास नव्हता, लिबलिबीतपणा नव्हता. मुळं होती, पण आखूड, आणि टोकं पांढरी असायच्या ऐवजी तपकिरी. रिकाम्या खाचेच्या काठावर आणि कोकोपीटच्या वरच्या थरावर पांढरट पापुद्रा धरला होता. काकू त्याला बुरशी समजत होत्या आणि त्यावर दालचिनीची पूडही टाकून झाली होती. बुरशी बोटाने पुसली की मऊ निघते. हा पापुद्रा बोटाखाली करकरला. स्वयंपाकघरातून व्हिनेगर मागवून त्यावर थेंब टाकला, तर बारीक फसफसलं. म्हणजे त्यात चुना, पाण्यातून आलेला.

तीन पिकं एकाच रॅकवर असल्याचा इथं फायदा झाला. एकाच उजेडात, एकाच हवेत ढोबळी सगळ्यात वाईट, टोमॅटो मधला, बीट ठणठणीत. उजेडाच्या गरजेने हा क्रम लागत नाही. क्षार सोसण्याच्या ताकदीने मात्र तंतोतंत लागतो. जमिनीचा ईसी, म्हणजे विजेच्या वहनावरून काढलेलं क्षारांचं माप, दीडच्या वर गेला की ढोबळीचं उत्पन्न घटायला लागतं, टोमॅटोचं अडीचच्या वर, आणि बीट चारपर्यंत तक्रार करत नाही.

"पाणी कुठलं घालता?" विचारलं.

"फिल्टरचं घालतो की. साधं नळाचं नाही घालत," काकू अभिमानाने म्हणाल्या.

ओट्याजवळ जाऊन बघितलं. आरओच्या मशिनमधून दोन नळ्या निघतात. एकीचं पाणी टाकीत पिण्यासाठी जातं, दुसरीचं फेकण्यासाठी. ही दुसरी नळी काकूंनी एका बादलीत सोडली होती आणि बादली रोज रोपांसाठी रिकामी होत होती. पाणी वाया जाऊ नये म्हणून घराघरांत हे करतात, आणि भावना चांगलीच आहे. पण आरओ क्षार नाहीसे करत नाही, बाजूला काढतं. पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्या दुसऱ्या नळीतच येतात.

पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा माझ्याकडचा टीडीएस पेन तिन्ही पाण्यांत बुडवला. इमारतीच्या टाकीचं पाणी ६४० पीपीएम, म्हणजे लिटरला तेवढे मिलीग्रॅम. महापालिकेचं कृष्णेचं पाणी आणि बोअरचं पाणी तिथं एकाच टाकीत येतं, आणि बोअर जेवढा जास्त चालेल तेवढा आकडा चढतो. पिण्याचं ६०. बादलीतलं ८९०. असे पेन मोजतात ईसीच आणि बहुतेक त्याला निम्म्याने गुणून पीपीएम दाखवतात. म्हणजे बादलीतल्या पाण्याचा ईसी १.८च्या आसपास. नुसत्या पाण्याचा, त्यात खत घालायच्या आधी. कोवळ्या रोपाला हे पाणी आधीच जड, पण माणसं म्हणतील तेवढंही विखारी नाही. निचरा चांगला असलेल्या कुंडीतल्या मोठ्या झाडाने ते पचवलंही असतं. घात केला तो पाणी द्यायच्या पद्धतीने.

९८ खाचांच्या ट्रेमधून मंद पंख्याखाली दिवसाला चारशे मिलीलिटर पाणी तरी उडून जातं. तेवढं काकू रोज ताटात ओतायच्या. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. चारशे मिलीलिटरमध्ये साडेतीनशे मिलीग्रॅम. वीस दिवसांत सात ग्रॅम. अख्ख्या ट्रेमध्ये कोकोपीट असतं ते अडीच लिटरच्या आसपास. अडीच लिटर कोकोपीटमध्ये चमचाभरापेक्षा जास्त क्षार, आणि बाहेर पडायला वाट नाही, कारण खालचं ताट बंद आणि पाण्याचा प्रवास फक्त खालून वर. सगळंच खायचं मीठ नसतं हे खरं. थोडा चुना पापुद्र्यात बसतो आणि मुळाला तेवढा लागत नाही. उरलेलं मात्र लागतं.

ऐकता ऐकता सरच म्हणाले, "म्हणजे ही क्षारपडच की रे."

होय, अगदी तीच. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत उसाला पाटाने पाणी देत राहिलं, खाली निचरा नाही, पाणी केशाकर्षणाने वर चढलं, उन्हाने उडालं आणि वर मीठ फुटलं. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात ज्या क्षारपड जमिनींवर सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा करून काम चालतं, त्या जमिनींचं आणि या ट्रेचं दुखणं एकच. शिवारात व्हायला वर्षं लागतात, अडीच लिटर कोकोपीटमध्ये तीन आठवडे पुरतात. सरांच्या भावाची कृष्णाकाठची दोन एकर जमीन अशीच पडून आहे. त्या माणसाला निचरा समजावून सांगावा लागला नाही.

संशय पक्का करायला ट्रेमधलं पाणी मोजलं. ट्रे नेहमीसारखा भिजवून तासभर ठेवला, मग काही खाचांवर वरून थोडं थोडं पिण्याचं पाणी सोडलं आणि खालून ठिबकलेलं वाटीत धरलं. वरच्या फळीवरच्या ढोबळीच्या ट्रेचा ईसी ४.९, खालच्या ढोबळीचा ३.४. जमीन क्षारयुक्त म्हणतात ती ईसी चारच्या वर गेल्यावर. तिथं मोजायची रीत वेगळी असल्याने हा आकडा त्या आकड्याला थेट जोडू नये, पण रोपाच्या ट्रेमधून ठिबकलेलं पाणी एक-दीडच्या आसपास असावं, एवढं ध्यानात घेतलं तरी पुरे.

वरची फळी खालच्यापेक्षा वाईट का, याचा घरात मोठा खल झाला होता. वरच्या ट्रेच्या बुडाला खालच्या ट्यूबची ऊब लागते, म्हणून 'एलईडीची उष्णता बाधली' असं मुलाचं फोनवरून निदान. ऊब लागत होती हे खरं, हात लावून कळत होती. पण ढोबळीच्या मुळांना थंडीच्या दिवसांत ती ऊब हवीच असते. बाधली ती वेगळ्या वाटेने: ऊब जास्त म्हणून पाणी जास्त उडालं, जास्त उडालं म्हणून जास्त ओतलं, आणि जास्त ओतलं म्हणून क्षार जास्त साठले.

बाकीचे दोन हातभारही तपासले. कोकोपीटची उरलेली वीट पिण्याच्या पाण्यात भिजवून पिळली तर ईसी १.४ निघाला, म्हणजे ते न धुतलेलं. कोकोपीटच्या अंगचे क्षार मुख्यतः पोटॅश आणि सोडियमचे. चांगलं धुतलेलं कोकोपीट अर्ध्याच्या आत असतं. आणि एकोणीस-एकोणीस-एकोणीस हेही शेवटी क्षारच. रोपं उपाशी आहेत असं समजून घातलेल्या त्या चमच्याने ढोबळीची पानं करपली. रोप खुरटलं की खत घालायचं, ही सवय आमच्या रोपवाटिकेत येणाऱ्या शेतकऱ्यांतही घट्ट आहे. मला विचाराल तर वाढ थांबलेल्या रोपाला पाण्याचा आकडा बघितल्याशिवाय कुठलंही खत देऊ नये.

तरीही सरळ सगळं बदलून टाकायचं नव्हतं, नाहीतर कशाने गुण आला ते कळलं नसतं. प्रोट्रेचं प्लास्टिक पातळ, कात्रीने कापता येतं. वरच्या ट्रेचे तीन तुकडे केले. एक होता तसाच, बादलीचंच पाणी. दुसऱ्याला पाणी तेच, पण दिवा उंच आणि तास बारा. तिसऱ्याला दिवा पूर्वीचाच, फक्त क्षार धुऊन पाणी बदललं. आठवड्याभरात तिसऱ्यातल्या टोकांना कोवळं, फिकट हिरवं पान दिसायला लागलं. दुसऱ्यात काही नाही. पहिल्यातली काही रोपं गेली. दिव्यावरची फिर्याद तिथं मागे घेतली गेली.

धुण्याची रीत अशी. ट्रे मोरीत विटांवर ठेवायचा, खालचं ताट काढून. झारीने पिण्याचं पाणी हळूहळू, थांबून थांबून वरून सोडायचं, कोकोपीटच्या दुप्पट-तिप्पट. अडीच लिटरच्या ट्रेला पाच ते सात लिटर. भसकन ओतलं तर पाणी खाचेच्या कडेने निसटतं आणि क्षार मध्येच राहतात. खालून येणारं शेवटचं पाणी मोजायचं. आमचं पहिल्या धुण्यात २.१वर आलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतल्यावर १.१.

मग रोजच्या पाण्याचा प्रश्न. नुसतं आरओचं पाणी कायम देऊ नये. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतं, आणि कोकोपीट आहे तेही धरून ठेवतं. मग नवी पानं वेडीवाकडी यायला लागतात. तीन भाग पिण्याचं आणि एक भाग टाकीचं पाणी मिसळलं तर २०५ पीपीएमच्या आसपास येतं आणि टाकीच्या पाण्यातला चुना तिथं कामाचा ठरतो. खत म्हणून लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, आणि एका पाण्याआड एकोणीस-एकोणीस-एकोणीस, तेही अर्धाच ग्रॅम. दोन्ही एका भांड्यात कालवायची नाहीत, कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र आले की साका होऊन खाली बसतो. स्वयंपाकघरातला चमचा बाद करून सोन्याचांदीला वापरतात तसला छोटा डिजिटल काटा घ्यायला लावला. पाणी वरून द्यायचं, दर वेळी थोडं खालून वाहून जाईल एवढं, आणि ताटात साठलेलं अर्ध्या तासात फेकायचं. नवीन कोकोपीट पेरणीआधी धुऊन घ्यायचं.

काकूंची खरी हरकत वेगळीच होती. "सात लिटर चांगलं पाणी मोरीत ओतायचं? आणि त्याच्यासाठी मशीन अजून पंधरा-सोळा लिटर बाहेर टाकणार!" हरकत रास्त आहे. त्यावर तोडगा एवढाच की ती बादली फरशी पुसायला, संडासात आणि भांड्यांच्या पहिल्या खंगाळण्याला लावायची. रोपांना नको.

टोमॅटो धुतल्यावर लगेच सावरला आणि महिनाअखेर गच्चीवर गेला. बीट तर आधीच कुंडीत होतं. ढोबळीतली निम्मी वाचली, पण एवढा काळ खुरटलेलं ढोबळीचं रोप मी स्वतः लावत नाही. ते लहान असतानाच कळी धरतं आणि नंतर अंग धरत नाही. काकूंनी माया म्हणून दहा-बारा ठेवली, बाकीच्या खाचा धुऊन नवीन बी टाकलं.

नवीन ढोबळी वाढतेय, पण टोमॅटोपेक्षा हळू. त्याचं कारण क्षार नाही. रात्री खोली सतरा अंशांवर उतरते, आणि ओलं कोकोपीट हवेपेक्षा एखादा अंश गारच असतं. ढोबळीला वीसच्या वर बरं वाटतं. म्हणून दोन्ही ट्रे आता वरच्या फळीवर, खालच्या ट्यूबच्या उबेला घेतलेत आणि टायमर उलटा लावलाय: उजेड रात्री, अंधार दुपारी. वीज तेवढीच जाते.

तीनास एकचं प्रमाण मात्र उन्हाळ्यात टिकणार नाही. एप्रिल-मेमध्ये बोअर जास्त चालला की टाकीचं पाणी हजाराकडे जाऊ शकतं, मग पाचास एक करावं लागेल. टीडीएस पेन सरांनी घेतलाय आणि आकडे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहितात.